सोपे वाचावे, पुष्कळ वाचावे

बीड, सोलापूर, नंदुरबार अथवा साताऱ्याकडील एखाद्या गावाहून मराठी माध्यमातून बारावी उत्तीर्ण होऊन जो विद्यार्थी पुण्यास येतो, फर्ग्युसन, सर परशुरामभाऊ अथवा मॉडर्न महाविद्यालयात नाव दाखल करतो, आणि पहिल्याच सत्रात अर्थशास्त्राचा वा वनस्पतिशास्त्राचा इंग्रजी संदर्भग्रंथ समोर आल्यावर तिसऱ्या ओळीशी थबकतो, त्याच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे काडीमात्र कारण नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा आरंभ होत असल्यामुळे आजच्या विद्यार्थ्याने त्या भाषेच्या सान्निध्यात तब्बल बारा वर्षे काढलेली असतात. कर्तरी वाक्याचे कर्मणीत रूपांतर तो बिनचूक करतो, रिकाम्या जागी योग्य शब्दयोगी अव्यय भरतो, आणि पत्रलेखनाचा ठरीव नमुना त्याला तोंडपाठ असतो. तरीही पृष्ठभर सलग मजकूर वाचून त्याचा आशय मनात धरण्याचा प्रसंग आला, की त्याची गती खुंटते. या विसंगतीची मीमांसा करताना कोणी व्याकरणाच्या कच्चेपणाकडे बोट दाखवतो, कोणी तोकड्या शब्दसंग्रहाकडे, तर कोणी ग्रामीण विद्यार्थ्याच्या भिडस्त स्वभावाकडे. माझ्या मते मूळ कारण या सर्वांहून साधे आहे. या विद्यार्थ्याने इंग्रजी वाचलेलेच नसते. वर्षाकाठी एक पाठ्यपुस्तक, त्यातील धडे शिक्षकांनी मराठीत उलगडून सांगितलेले, त्यांवरील उत्तरे बाजारातील मार्गदर्शकातून उतरवून घेतलेली, आणि परीक्षा जवळ आली म्हणजे 'अपेक्षित'चा प्रश्नसंच. एवढ्या व्यवहारात इंग्रजी भाषेतील किती वाक्ये त्याच्या डोळ्यांखालून स्वतंत्रपणे गेली असतील, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर मनाला विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

याच शहराच्या इतिहासातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर या ज्या मंडळींनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली, आणि ज्यांच्या कार्यातून पुढे १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले, त्यांनी इंग्रजीवर मिळवलेले प्रभुत्व हे नियमांच्या घोकंपट्टीचे फळ खचितच नव्हते. त्या काळी माध्यमिक शिक्षणाचे माध्यमच इंग्रजी असल्यामुळे इतिहास, भूगोल, गणित हे सारे विषय विद्यार्थ्याच्या कानी आणि डोळी त्याच भाषेतून पडत. इंग्रजी हा दिवसातील एका तासाचा विषय नव्हता, तर संबंध दिवसाचा व्यवहार होता. त्यावर या मंडळींचे स्वतःचे वाचन अफाट. जॉन्सनची 'रासेलस' ही कथा कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या पितापुत्रांनी मराठीत आणली. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ पचवले आणि शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. आणि १८७४ साली सुरू झालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्र्यांना 'वाचन' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला. पुढे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा झाले, आणि ते सर्वथैव इष्टच झाले. परकीय भाषेत भूगोल शिकण्याची सक्ती कोणत्याही मुलावर पुन्हा येऊ नये. परंतु त्या बदलात इंग्रजीशी येणारा जो नित्याचा संबंध घटला, त्याची भरपाई करण्याची तजवीज मात्र कोणी केली नाही. व्याकरण-भाषांतराची पद्धती तेवढी शिल्लक राहिली. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांनी अनेक पिढ्यांवर उपकार केले हे निर्विवाद आहे. तथापि एकेक वाक्य तोलून मापून मराठीत उतरवण्याच्या सवयीने भाषेची तपासणी करता येते, तिच्यात वावरता येत नाही.

भाषाशिक्षणाच्या शास्त्रात या दोन प्रकारच्या वाचनांतील भेद विसाव्या शतकाच्या पहिल्या पादातच स्पष्ट झाला होता. हॅरल्ड पामर या इंग्रज भाषातज्ज्ञाने तो प्रथम ठळकपणे मांडला: एक वाचन थोड्या मजकुराचे, शब्दन्‌शब्द पारखण्याचे, दुसरे पुष्कळ मजकुराचे, आशयावर दृष्टी ठेवून वेगाने पुढे जाण्याचे. आपल्या कुमारभारतीच्या पुस्तकांमुळे या दुसऱ्या प्रकाराचे 'स्थूलवाचन' हे नाव प्रत्येक मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहे. दुर्दैवाने ते पाठही टिपा लिहिण्यापुरते वाचले जात असल्याने त्यांचा हेतू हरपतो. पामरच्याच काळात मायकेल वेस्ट हा शिक्षणाधिकारी ढाक्यास अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहत होता. बंगाली मुलांची अवस्था त्याने पाहिली ती आजच्या मराठी विद्यार्थ्याच्या अवस्थेहून फार निराळी नव्हती. १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकत्वावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले, की या मुलांना सर्वांत प्रथम हवी आहे ती इंग्रजी वाचण्याची शक्ती, आणि ती येण्यासाठी त्यांच्या आवाक्यातील पुस्तके मुबलक मिळाली पाहिजेत. तशी पुस्तके उपलब्ध नाहीत असे दिसताच प्रसिद्ध कथा मोजक्या शब्दांत पुन्हा लिहवून घेण्याचा उद्योग त्याने आरंभला, आणि १९५३ साली सुमारे दोन हजार अत्युपयुक्त इंग्रजी शब्दांची जी यादी त्याने सिद्ध केली, ती या क्षेत्रात अद्यापि प्रमाण म्हणून उल्लेखिली जाते. आज जगभर जी श्रेणीबद्ध वाचनमालांची पुस्तके खपतात, त्यांचे एक महत्त्वाचे मूळ असे आपल्याच उपखंडातील वर्गखोल्यांत आहे. आणि त्या पुस्तकांचा लाभ घेण्यात आपलेच विद्यार्थी मागे असावेत, ही गोष्ट मला फार लागते.

आता प्रत्यक्ष उपायाकडे वळू. ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाचता यावे असे मनापासून वाटते, त्याने पहिली गोष्ट करावयाची ती ही, की आपल्या पदवीचा विसर पाडून घ्यावा. एम. ए.च्या वर्गात बसणाऱ्या तरुणाला दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेले पुस्तक हाती धरण्याची लाज वाटते, आणि म्हणून तो एखाद्या नामांकित विचारवंताचा ग्रंथ उचलून त्याच्या पहिल्या प्रकरणात रुतून बसतो. ही लाज जोवर सुटत नाही तोवर पुढील सर्व सल्ला व्यर्थ आहे. पुस्तक आपल्या योग्यतेचे आहे की नाही, याची कसोटी त्याच्या कीर्तीवरून न ठरवता त्याच्या पानावरून ठरवावी. मधलेच एखादे पान उघडावे आणि वाचावे. अडीचशे-तीनशे शब्दांच्या त्या पानावर पाच-सहांहून अधिक शब्द अडले, तर ते पुस्तक निमूटपणे फळीवर परत ठेवावे. हे प्रमाण मनास येईल तसे काढलेले नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून असे दिसून आले, की शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव शब्द परिचित असतील तेव्हाच बहुतेक वाचकांना कोणाच्या साहाय्यावाचून कथा सुखाने समजते. आणि मूळ इंग्रजी कादंबरी त्या प्रमाणात समजण्यास आठ-नऊ हजार शब्दकुळांचा परिचय लागतो. आपल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याचा शब्दसंग्रह याच्या कितीतरी अलीकडे असल्यामुळे मूळ कादंबरीपासून आरंभ करणे म्हणजे पराभवाची व्यवस्था आपल्याच हाताने करणे होय. पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्याचा दम जसा हळूहळू वाढत जातो आणि मग सिंहगडाची वाट त्याला अवघड वाटेनाशी होते, तसाच हा क्रम आहे.

श्रेणीबद्ध मालांची रचना या क्रमाला अनुसरूनच केलेली असते. उदाहरणार्थ, ऑक्सफर्डच्या 'बुकवर्म्स' मालेतील पहिल्या पायरीची पुस्तके चारशे मूळ शब्दांत लिहिलेली आहेत, दुसरीची सातशे, तिसरीची एक हजार, चौथीची चौदाशे, पाचवीची अठराशे आणि सहावीची अडीच हजार. मॅकमिलन, केंब्रिज आणि पेंग्विन यांच्या मालाही अशाच पायऱ्यांच्या आहेत. बारावी झालेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या पायरीपासून आरंभ करावा अशी माझी शिफारस आहे, मग ती त्याला कितीही सोपी वाटो. एका पायरीवरील आठ-दहा पुस्तके वाचून झाली, वाचताना मध्येच अडखळणे थांबले आणि पुढे काय होते याची उत्सुकता शब्दांच्या भीतीवर मात करू लागली, की वरच्या पायरीवर जाण्याची वेळ आली असे समजावे. किमतीमुळे ही पुस्तके विकत घेणे न जमल्यास पाच-सहा मित्रमैत्रिणींनी एकेक घेऊन आपसांत फिरवावीत. वसतिगृहात राहणाऱ्यांना तर ही सोय अनायासेच आहे.

परंतु केवळ परदेशी कथांवरच अवलंबून राहण्याचे कारण नाही. उलट मराठी वाचकाला माझे आग्रहाचे सांगणे असे, की आपल्या मातीतील विषय इंग्रजीत जेथे आले आहेत तेथून त्याने प्रवेश करावा. विषय ओळखीचा असला, की शब्दांचा निम्मा भार तो विषयच उचलतो. इंग्लंडमधील हिमाचे वर्णन वाचताना ज्याची कल्पना कुंठित होते, त्याला आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मधील शाळा, तेथील गणिताची धास्ती आणि मुलांच्या क्रिकेटचा खटाटोप तत्काळ आपलासा वाटतो; १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची वाक्ये आखूड आणि पारदर्शक आहेत. रस्किन बाँड यांच्या डोंगराळ प्रदेशातील कथा तितक्याच सुगम. पंडित नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीस असलेल्या दहा वर्षांच्या कन्येला लिहिलेली पत्रे पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. पृथ्वीची घडण आणि मानवाचा आरंभ यांसारखे विषय इतक्या साध्या इंग्रजीत सांगितलेले क्वचितच आढळतील.

यापुढे ज्या पुस्तिकेचा मी उल्लेख करणार आहे ती तर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने वाचलीच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही आत्मकथनपर पुस्तिका अगदी लहान आहे. वडिलांना भेटावयास साताऱ्याहून निघालेली लहान मुले मसूरच्या रेल्वे स्थानकावर उतरतात, त्यांची जात कळताच स्टेशनमास्तरांपासून गाडीवानांपर्यंत सर्वांची वागणूक पालटते, आणि रात्रभर त्या मुलांना पिण्यास पाणी मिळत नाही, हा प्रसंग बाबासाहेबांनी ज्या सरळ, अलंकारविरहित वाक्यांत सांगितला आहे, ती वाक्ये वाचताना आपण परकी भाषा वाचत आहोत याचे भान राहत नाही. ज्या ग्रंथकाराने घटनाशास्त्र आणि अर्थशास्त्र यांवर पंडितांना नमवणारे इंग्रजी लिहिले, त्यानेच येथे शाळकरी मुलालाही समजेल असे लिहिले आहे; सोपे इंग्रजी म्हणजे हलके इंग्रजी, असा ज्यांचा समज असेल त्यांनी ही पाने अवश्य पाहावीत. महर्षी कर्वे यांचे १९३६ साली प्रसिद्ध झालेले 'लुकिंग बॅक' हे इंग्रजी आत्मचरित्रही असेच निरलंकृत आणि ऋजू आहे, आणि फर्ग्युसन महाविद्यालय व हिंगणे यांच्याशी त्यातील कथा निगडित असल्याने पुणेकर विद्यार्थ्याला त्यात दुहेरी रस वाटेल.

दुसरा मार्ग मराठीतून इंग्रजीत गेलेल्या ग्रंथांचा. ज्याने 'श्यामची आई' लहानपणी वाचली आहे, त्याने शांता गोखले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद हाती घ्यावा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'ही त्यांनीच इंग्रजीत आणली आहेत. डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी 'युगान्त'चे इंग्रजी रूप स्वतःच लिहिले. महाभारताच्या व्यक्तिरेखा मनात आधीच वसत असल्यामुळे त्यातील काहीसे अवघड विवेचनही मराठी वाचकाला पेलते. दया पवारांच्या 'बलुतं'चा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद आणि पुण्याच्या महाविद्यालयीन जीवनाचे चित्र रंगवणाऱ्या 'कोसला'चा सुधाकर मराठे यांनी 'ककून' या नावाने केलेला अनुवाद, ही दोन पुस्तके मात्र वर्षभराच्या सरावानंतर घ्यावीत. या मार्गाने जाताना एक पथ्य पाळावे. मराठी आणि इंग्रजी पुस्तके शेजारी उघडी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहू नये. मराठी पुस्तक आधी संपूर्ण वाचून मिटावे, आठवडाभर मध्ये जाऊ द्यावा, आणि मग इंग्रजी पुस्तक स्वतंत्रपणे वाचावे. हाच न्याय वृत्तपत्रांना. सकाळी 'सकाळ' अथवा 'लोकसत्ता' यांत जी बातमी वाचली तीच दुपारी इंग्रजी दैनिकात शोधून वाचली, तर घडले काय हे ठाऊक असल्याने ते कसे सांगितले आहे याकडे लक्ष जाते. क्रिकेटचे पान यासाठी फार सोयीचे. अग्रलेखांच्या वाटेला मात्र पहिल्या वर्षी जाऊच नये. इंग्रजी सुधारावे म्हणून नवशिक्यांना अग्रलेख वाचावयास सांगण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे, तिने उपकारापेक्षा अपकारच अधिक केला आहे असे माझे मत आहे.

वाचावे कसे, याविषयी आता थोडे सांगितले पाहिजे. शब्दकोश दूर ठेवावा. हे वाक्य लिहिताना मला पुष्कळ शिक्षकांचा रोष दिसतो आहे, कारण प्रत्येक अडलेला शब्द कोशात पाहून वहीत उतरवण्याची शिस्त आपण श्रद्धेने शिकवत आलो. परंतु दर ओळीला कोश उघडणाऱ्याच्या मनात कथेचा धागा टिकत नाही, आणि वहीत उतरवलेले शब्द पंधरा दिवसांनी पाहिले असता त्यांतील बहुतेक अनोळखी झालेले आढळतात. शब्द रुजतो तो निरनिराळ्या वाक्यांत, निरनिराळ्या प्रसंगी पुनःपुन्हा भेटल्याने. पहिल्या भेटीत त्याचा अंधुक अदमास येतो, तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो अदमास पक्का होतो, आणि दहा-बारा भेटींनंतर तो शब्द आपला होतो. म्हणून अडलेला शब्द संदर्भावरून ताडावा, ताडता न आल्यास ओलांडावा, आणि तोच शब्द वारंवार आडवा येऊन कथेचा अर्थच अडवू लागला तरच कोशाची मदत घ्यावी, तीही प्रकरण संपल्यावर. ओठ हलवीत अथवा ओळीखाली बोट फिरवीत वाचण्याची सवय असल्यास ती प्रयत्नपूर्वक सोडावी. मनातल्या मनात मराठीत भाषांतर करण्याची खोड एकाएकी जात नाही, त्याची चिंता करू नये. पुस्तक पुरेसे सोपे असेल तर वाचनाचा वेग वाढताच ती आपोआप मावळते.

पुस्तक रुचले नाही तर ते अर्धवट सोडण्याचा हक्क वाचकाने बेलाशक बजावावा. हाती घेतलेले तडीस न्यावे हा संस्कार आपल्याकडे इतका खोल आहे, की कंटाळवाणे पुस्तक सोडणाऱ्याला अपराध केल्यासारखे वाटते, आणि ते पुरे करण्याच्या ओझ्याखाली तो पुढचे दोन महिने काहीच वाचत नाही. पंधरा-वीस पानांत मन लागले नाही, तर दुसरे घ्यावे. उलट एखादा लेखक आवडला तर त्याची तीन-चार पुस्तके लागोपाठ वाचावीत. एकाच हाताचे शब्द आणि वाक्यांच्या लकबी पुन्हा पुन्हा भेटत असल्याने प्रत्येक पुढचे पुस्तक अधिक सुकर होते.

वेळेचा हिशेब अनेकांना भीती घालतो, म्हणून तोही मांडून दाखवतो. मिनिटास शंभर शब्द, ही सोप्या पुस्तकातही अगदी मंद म्हणावी अशी गती धरली, तरी अर्ध्या तासात तीन हजार शब्द होतात. रोज अर्धा तास, परीक्षेचे, सणावारांचे आणि आजारपणाचे दिवस वगळून वर्षातील तीनशे दिवस, म्हणजे नऊ लाख शब्द. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे मिळून जे डोळ्यांखालून गेले, त्याच्या कित्येक पट हा ऐवज एका वर्षात जमा होतो, आणि वर्षअखेरीस गती वाढलेली असल्यामुळे प्रत्यक्षात तो याहूनही मोठा भरतो. आठवड्यातून एकदा सलग चार तास बसण्याचा संकल्प मात्र करू नये. तो टिकत नाही. कात्रज वा हडपसरहून बसने येणाऱ्यांनी प्रवासातील वेळ यास द्यावा. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्यांनी दोन विषयांमधील विश्रांतीचा वेळ द्यावा. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीची अनिवार्य पात्रतापत्रिका असते आणि तीत उताऱ्याचे आकलन व सारांशलेखन विचारले जाते, हे लक्षात घेतले तर त्यांचा हा वेळ फुकट गेला असे कोणी म्हणणार नाही. एका लहान वहीत तारीख, पुस्तकाचे नाव, वाचलेली पाने आणि मनात राहिलेली एखादी गोष्ट, एवढीच रोजकीर्द ठेवावी. परीक्षणे, सारांश, प्रश्नोत्तरे यांचा बोजा स्वतःवर लादू नये.

पुस्तके कोठे मिळतील, हा प्रश्न पुण्यात तरी पडू नये. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली स्थापन झालेल्या ग्रंथालयाची परंपरा पुणे नगर वाचन मंदिराच्या रूपाने चालू आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांचे नाव धारण करणारे विशाल ग्रंथालय खुले आहे. अप्पा बळवंत चौकात मार्गदर्शक घेण्यास जाणाऱ्याने त्याच फेरीत जुन्या पुस्तकांचे ढीग चाळले, तर थोड्या पैशांत इंग्रजी कथांची पुस्तके हाती लागतात. २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या प्रांगणात भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात राष्ट्रीय पुस्तक न्यासाची बालकुमारांसाठीची पुस्तके अल्प किमतीत मिळतात. ज्यांना भ्रमणध्वनीवरच वाचणे भाग आहे त्यांच्यासाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पायऱ्या लावलेल्या गोष्टी विनामूल्य आहेत, त्यांतील अनेक मराठीतही आहेत; आणि प्रौढ वाचनाची तयारी झाल्यावर 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'चे भांडार मोफत उघडे आहे. वाचताना भ्रमणध्वनीवरील संदेश मात्र बंद ठेवावेत.

ज्या विद्यार्थ्याने मराठीतही एखादे अवांतर पुस्तक कधी पूर्ण वाचलेले नाही, त्याची गोष्ट निराळी आहे. त्याची अडचण इंग्रजीची नसून वाचनाची आहे. पानांवर मन स्थिर करणे, पुढच्या घटनेची वाट पाहणे, पात्रांची नावे आणि नाती ध्यानात ठेवणे या शक्ती प्रथम मातृभाषेतच कमवाव्या लागतात, आणि एकदा कमावल्या की त्या दुसऱ्या भाषेत आपल्याबरोबर येतात. त्याने दोन-तीन महिने मराठी कथा-कादंबऱ्यांस निःसंकोच द्यावेत. तो इंग्रजीपासून दूर जात नाही.

या उपायाच्या मर्यादाही सांगणे कर्तव्य आहे. पहिले दोन महिने काहीच फरक जाणवणार नाही. नुसत्या वाचनाने बोलणे सफाईदार होत नाही, त्यासाठी बोलावेच लागते. आणि शास्त्रीय विषयाचा पाठ्यग्रंथ शेवटी बारकाईने, पेन्सिल हाती धरूनच वाचावा लागतो. परंतु लेखनावर आणि व्याकरणावर या वाचनाचा जो परिणाम होतो, तो अनपेक्षित वाटावा असा आहे. फिजी बेटांतील खेड्यांच्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी १९८० च्या सुमारास इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचा अक्षरशः पूर आणला, आणि त्याचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध केले. नेहमीच्या पाठांऐवजी ही पुस्तके वाचणारी मुले वाचनात तर झपाट्याने पुढे गेलीच, पण दुसऱ्या वर्षी ती प्रगती त्यांच्या लेखनात आणि व्याकरणाच्या चाचण्यांतही उतरलेली दिसली. ती खेड्यांतील मुले होती, त्यांच्या घरी इंग्रजी बोलले जात नव्हते, आणि त्यांच्या शाळांत साधनांची रेलचेल नव्हती.

हे सर्व विद्यार्थ्याने एकट्याने करावे असे म्हणून अध्यापकांनी मोकळे होऊ नये. अनिवार्य इंग्रजीच्या तासांपैकी आठवड्यास एक तास निमूट वाचनासाठी राखून ठेवणे अभ्यासक्रमाच्या चौकटीतही शक्य आहे, आणि त्या तासाला अध्यापकाने स्वतःही पुस्तक उघडून वाचत बसावे, कारण विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकाला आवडीने वाचताना फार क्वचित पाहिलेले असते. त्यावर परीक्षा घेऊ नये, गुण ठेवू नयेत. पुण्यातील महाविद्यालयांच्या ग्रंथपालांस माझी विनंती एवढीच, की नव्या शैक्षणिक वर्षाची ग्रंथखरेदी करताना पाठ्यपुस्तकांच्या याद्यांबरोबर शंभरेक सोप्या इंग्रजी पुस्तकांची तरतूद करावी, आणि ती कुलूपबंद कपाटात न ठेवता दाराजवळच्या उघड्या फळीवर, विद्यार्थ्याला कोणाची परवानगी न मागता उचलता येतील अशी ठेवावीत.